नाव घातलेला डबा

भरतने मेनूकार्ड माझ्यापुढे ठेवलं, तेव्हा मी आधी ते उचलून खाली कागद दडवलाय का ते बघून घेतलं. नव्हता. पण म्हणून मी निर्धास्त झालो असं नाही. एस्टीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस सहसा निर्धास्त होत नसतो. पोराला मांडीवर दाबून 'चारच वर्षांचा आहे' म्हणणाऱ्या बायांना मी हो हो म्हणायचो आणि त्या पोराकडूनच त्याची इयत्ता वदवून घ्यायचो. चष्मासुद्धा मी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. सही कर म्हणाला, तर दिसत नाही म्हणायला मोकळा.

तुम्हीच सांगा, संशय का येऊ नये? ज्या मुलाशी तीन वर्षं धड बोलणं नाही, तो ऐन भाऊबीजेला एकटाच चाकणहून डिंभ्याला येतो. सून प्रतिभा लेकीला घेऊन भावाकडे ओवाळायला गेलेली. "नाना, चला, मंचरला जेवाय जाऊ," म्हणतो आणि नेतो कुठे, तर चायनीज हॉटेलात. दारात लाल कागदी कंदील, भिंतीवर ड्रॅगन आणि ड्रॅगनच्या शेजारी झेंडूचा हार घातलेला गणपती.

तीन वर्षांपूर्वी धरणाकडच्या आमच्या वावराच्या बांधावर हा पुण्याच्या एका माणसाबरोबर टेप धरून उभा होता. मी भर शिवारात विचारलं, बाप जिवंत असताना जमीन विकायला काढलीस का? तो म्हणाला, घर बांधायचंय, तुमच्या दोघांसाठी, म्हणून माप घेतोय. मी म्हणालो, तुझ्यासारखे लई उतरवलेत मी गाडीतून. तोही मग उतरून गेला. त्यानंतर घरी आला तो त्याची आई गेल्यावरच.

प्रयागबाई शिमग्यात गेली. दहाव्या-तेराव्याला बापलेक विधीपुरते बोललो, तेवढंच. आमच्याकडे वर्षाच्या आत माणूस गेलेलं असेल, तर त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. फराळाची ताटं शेजारीपाजारी आणून देतात. तशी आली. शेजारच्या अंबाबाईचंही आलं. पण ताट घेताना माझ्या मनात होतंच, की आमचा नाव घातलेला स्टीलचा डबा गेल्या दिवाळीपासून गायब आहे आणि तो हिच्याशिवाय कुणाकडे असणार! प्रयागबाई म्हणायची, असंल कुठंतरी, जाऊ द्या. मी जाऊ दिलं नाही. अंबाबाईच्या मांडणीवरून नजर फिरवल्याशिवाय मी तिच्या घरातून कधी उठलो नाही.

भरतने कार्ड न बघताच नूडल्स सांगितल्या, तिखट कमी. हे मी लगेच टिपलं. म्हणजे गडी इथे नेहमी येतो. चाकणचा माणूस मंचरात येऊन कुणाबरोबर जेवतो? दुसरं कोण असणार, दलालच.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ विचारलं, "कागद कुठंय?"

"कसला कागद, नाना?" तो म्हणाला आणि खिडकीकडे बघायला लागला. बिनतिकीट माणूस हटकून खिडकीकडे बघतो.

तेवढ्यात आतून आचारी आला. चाळिशीचा नेपाळी माणूस, हातात डबा. त्याने भरतला हसून मान हलवली, माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघत राहिला.

"आजी मागून येते का?" त्याने विचारलं. डबा टेबलावर ठेवला. "आज आमचा भाईटीका. सेल बनवला, आमचं सणाचं गोड. आजी बोलली होती ना, रिकामा डबा नाय द्यायचा, तुझा सण आला का भरून दे. गेल्या साली अनारसे दिले होते तिनं."

डब्यात बांगड्यांसारखी तांबूस कडी होती. भिजवलेल्या तांदळाच्या पिठाचा आणि तुपाचा वास आला, अगदी आमच्या अनारशाचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. चष्मा नव्हता, म्हणून बोटानेच वाचली. सौ. प्रयागबाई कुंडलिक.

भरतची मान खाली गेली. शिमग्यापासून तो इकडे फिरकला नव्हता, त्यामुळे आचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगायचं मलाच आलं.

"वारली ती. शिमग्यात."

आचाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. एक कडं मोडून अर्धं माझ्या ताटलीत ठेवलं, अर्धं भरतच्या, आणि आत गेला.

मग भरतने अडखळत सगळं सांगितलं. महिन्यातून दोनदा गुडघा दाखवायला म्हणून ती एस्टीने मंचरला यायची, ते इथे. मायलेक दोन तास बसायचे. भाऊबंदांपैकी कुणी या हॉटेलाची पायरी चढत नाही, म्हणून हे निवडलं होतं. मी ऐकत राहिलो. ती घरी आली की मी तिच्या पिशवीतलं तिकीट काढून बघायचो, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सवयच तशी. तिकीट दरवेळी खरं असायचं, डिंभे ते मंचर. गुडघाही सुधारत होता, त्यामुळे मी डॉक्टरचं कौतुकच करायचो.

"माज्याबद्दल काय बोलायची?"

"नावं न्हाई ठेवली कधी. तुमच्या खोकल्याचं सांगायची. आंब्याला मोहोर किती आलाय ते सांगायची."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

भरतने डब्याचं झाकण उचलून नीट बसवलं.

"ती म्हनायची, त्यांना कळलं तर वाटंल, आपन दोघं मिळून जमीन विकाय लागलो. म्हनायची, सारा जलम त्यांच्याबरं काढला, आता या वयात मला त्यांच्याम्होरं चोर म्हनून उभं न्हाई राह्यचं."

मी उभं केलं असतं. नक्की केलं असतं, पिशवी उपडी करून एकेक वस्तू विचारली असती. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की ज्या बाईने आयुष्यात सुपारीचं खांड लपवून खाल्लं नाही, तिला पोटच्या पोराला भेटायला माझ्यापासून लपावं लागलं. डिंभ्यापासून मंचरपर्यंत ती एकटी खिडकीशी बसून काय विचार करत येत असेल?

मी कडं खाल्लं. वरून कुरकुरीत होतं, आतून मऊ. अनारशापेक्षा कमी गोड.

नूडल्स आल्या. एकच मोठी ताटली, ती पोऱ्याने माझ्यापुढे ठेवली. मी काट्याने उचलायला गेलो, त्या घसरल्या. पुन्हा उचलल्या, पुन्हा घसरल्या. शेजारच्या टेबलावरचं जोडपं हसत असावं. असू दे.

"ती कशी खायची हे?"

"तिला बी न्हाई जमायचं," भरत म्हणाला. "मी दोन चमच्यांनी बारीक तोडून द्यायचो."

एवढं बोलून तो थांबला. चमचे त्याच्यासमोरच पडले होते, पण माझ्या ताटलीला हात लावायची त्याची हिंमत होईना. मी काटा खाली ठेवला, ताटली उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

"दे तोडून," मी म्हणालो.