टेकडीवरचे तेरा टक्के

जिल्हा दारूबंदीचा आहे हे माहीत असूनही निवृत्त प्राध्यापक कृष्णकांत यांनी आर्वीजवळच्या टेकडीवर द्राक्षं लावली आणि यंदा गुपचूप पिंपभर वाइन केली. गेल्या वर्षी शेजारच्या तानबाची मोहाची भट्टी त्यांनीच पोलिसांना सांगून फोडायला लावली होती. त्यामुळे वाइनची खबर कोणी दिली, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

जमादार आला. जाणकार पंच म्हणून त्याने तानबालाच उभं केलं. तानबाने वाटीभर वाइन शेतावरच्या चुलीत ओतली. पहिल्या धारेची मोहाची दारू अशी ओतली की भपकन पेटते. हिने विस्तवच विझवला.

“हे दारू नाई, साहेब,” तानबा थुंकून म्हणाला. “सडक्या द्राक्षाचं पाणी हाय. बैलाले बी पाजू नका.”

जमादार वही मिटू लागला. पद्माबाईंनी नवऱ्याला गप्प राहण्यासाठी चिमटा काढला.

“सडकं? अरे मूर्खा, तेरा टक्के अल्कोहोल आहे त्यात!” कृष्णकांत गरजले. “मी स्वतः मोजलंय!”

“हे लिहून देता का, सर?” जमादाराने अदबीने विचारलं.

सरांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, सही ठोकली आणि तानबाकडे विजयी नजरेने पाहिलं.