पळसाचं रगत

खिळा पळसाच्या खोडात शिरला, लाल थेंब ओघळला, आणि राणीसावरगावच्या माळावर जमलेल्या माणसांनी भराभर हात जोडले.

"बगा, पीडा भायेर पडायलीय!" वैजीनाथबुवानं काठी नाचवली. "माजी आई ह्या बुंध्यात बसलीय. तुमचा ताप पिती अन् रगत ओकती! दवाखान्याच्या गोळ्या खाल, तर रुसून बसंल!"

धनगराची केवळाबाई खिळा मुठीत धरून उभी होती. कडेवर तापानं फणफणलेला तिचा लेक सटवा. पदराच्या गाठीत दवाखान्यातून आणलेल्या, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या तशाच. पोळ्याच्या सुमाराला तिनं लेकीसाठी, भिवरासाठी, इथंच खिळा ठोकला होता. थेंबही आला नव्हता. "तुजं मन खोटं," बुवा म्हणाला होता. पोर गेली. तेव्हापासून केवळाबाई मेंढरं हिंडवायची, भाकरी थापायची. रडू मात्र येत नव्हतं.

"कोंबडं आणलंस?"

"न्हाई, बुवा."

काठी खोडाच्या मागल्या अंगाला टेकली. "मग हितं ठोक."

"थांबा, केवळाबाई," शाळेचे दिनकरराव मास्तर पुढं आले. "तिथं रगत येणारच नाही."

"का? पुस्तकात देवी घावती व्हय, मास्तर?" बुवा म्हणाला. लोक खिदळले.

मास्तरांनी तिथली साल बोटांनीच ओढली. ती सहज सुटली. खाली लाकडाचा भुसा, बुरशीच्या छत्र्या. मग त्यांनी केवळाबाईच्या कमरेला खोचलेला विळा घेऊन बांधावरच्या दुसऱ्याच पळसाला टोचा दिला. मंत्र नाही, कोंबडं नाही. लाल थेंब आला.

"हा झाडाचा चीक. जखमेतून बुरशी आत शिरू नये म्हणून झाड तो सोडतं. वाळून डिंक होतो, भोक बुजतं. पण जित्या अंगालाच हे जमतं. तुम्ही इतके खिळे ठोकले, की एका बाजूनं झाड हरलं. कोंबडं देणाऱ्याला बुवा जितं अंग दाखवतो, न देणाऱ्याला मेलेलं."

"आरं तिच्या! माजी दोन कोंबडी गेली की!" आसाराम ओरडला.

"बुवा, काढा बरं ह्या अंगातून रगत," मास्तर म्हणाले.

"आईचा कोप हुईल!" बुवा पुटपुटला आणि कोंबड्यांचं डालगं उचलून चालू लागला. आसाराम त्याच्या मागं धावला.

केवळाबाईनं मागल्या अंगात आपला जुना खिळा शोधला. तो नुसत्या चिमटीनं निघाला. गंजलेला, कोरडा.

"म्हंजी माजं मन..."

"लाकूड मेलं होतं, बाई. तुमच्या मनाचा काय संबंध?" मास्तर लोकांकडे वळले. "झाड स्वतःची जखम बुजवतं, तुमचा ताप नाही. तापाला औषध घ्या. अन् कुणी चमत्कार दाखवला, तर आधी दुसऱ्या झाडाला टोचून बघा."

केवळाबाईला तेव्हाही रडू आलं नाही. तिनं पदराची गाठ सोडली, कुणाकडून तरी तांब्या घेतला. कडू गोळीनं सटवानं तोंड वाकडं केलं.

"गीळ," ती म्हणाली.