वरच्या थांब्यावरचा हॉर्न

माझ्या नाकावर राग कायम बसलेला असतो, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला उशीर खपत नाही, यात नवल काही नाही. पण मला मेहुणा मिळाला तो असा. बायकोचा धाकटा भाऊ. आठवडाभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून दुसऱ्यांची घाई सोसायचा आणि सुट्टीच्या दिवशी तिचा सूड म्हणून की काय, पाऊल मोजून टाकायचा. मी त्याला गोगलगाय म्हणायचो. तो हसायचा आणि म्हणायचा, बरं दाजी. त्याला राग येत नसे, याचाही मला राग यायचा.

महिन्यातून दोन रविवार आम्ही दोघं बसनं डोंगरात जायचो. गाडी त्याच्याकडेही नव्हती आणि माझ्याकडेही नाही. सकाळी पावणेसातची बस, शेवटच्या गावात ती बदलायची, मग छोट्या बसनं खालच्या वळणापर्यंत. तिथून चढायचं, दिवसभर माथ्यावरून भटकायचं, आणि संध्याकाळी डोंगरातल्याच वरच्या थांब्यावर परतीची बस धरायची. ती शेवटची. चुकली तर मुक्काम झाडाखाली. वेळापत्रक मला तोंडपाठ होतं, तो विचारायचासुद्धा नाही. त्याला फक्त कुठल्या दगडावर कुठलं शेवाळ आहे ते पाठ. दर दहा पावलांवर वाकायचा, भिंग काढायचा. मी पुढे जाऊन ओरडायचो, तुझं लग्न लागलंय का त्या दगडाशी?

तर ती शेवटची बस पाचला वरच्या थांब्यावर यायची आणि वीस मिनिटं उभी राहायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर टपरीवर चहा घ्यायचे. पाच वीसला निघताना ड्रायव्हर एक लांब हॉर्न द्यायचा. हा त्या रस्त्याचा जुना शिरस्ता. डोंगरावर मागे राहिलेल्याला कळावं, की आता थांब्यावर जाऊन उपयोग नाही. त्यानं मग सरळ ओढ्याच्या पात्रातून खाली उतरायचं. रस्ता डोंगराला वळसा घालत जातो, त्यामुळे बसला खालच्या वळणावर पोचायला पंचवीस मिनिटं लागतात. पाय धड असले तर पात्रातून माणूस वीस मिनिटांत तिथे हजर. नेहमीचे सगळे असंच करतात. पण कोरड्या दिवसांत.

त्या रविवारी दिवसभर धुकं होतं आणि दगड ओले. मी त्याला म्हटलं होतं, आज जपून. खरंच म्हटलं होतं. त्याच्या मनगटावर त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, चावीचं घड्याळ होतं. आठवड्यापूर्वी मीच ते उघडून साफ करून दिलं होतं, एका सेकंदाचा फरक नव्हता. तरी दिवसभर त्याची टर उडवली, की माणूस तसं घड्याळ, दोघंही मागे पडणारे. तो मनगट कानाला लावून म्हणाला, छान चालतंय हो दाजी. मी म्हटलं, तुला काय कळतंय.

साडेचारला माथ्यावरून उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर त्याला पुन्हा शेवाळ सापडलं. मी म्हटलं, तू ये मागून, मी पुढे होतो. पाचला मी थांब्यावर. बस येऊन उभी. पायवाटेनं त्याला यायला फार तर दहा-बारा मिनिटं लागली असती. म्हणजे वेळ भरपूर होता. हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगतोय, मला माहीत होतं.

ड्रायव्हर ओळखीचा. टपरीवर मी त्याच्याजवळ मेहुण्याचं रडगाणं गायलो. तो हसला. मी म्हटलं, एकदा हॉर्न द्या बघू, घाबरून पळत येईल, याची खोड मोडली पाहिजे. तो म्हणाला, माझा चहा गरम आहे, तुम्हीच द्या. गाडीचं दार उघडंच होतं. मी चढलो, त्याच्या सीटवर बसलो आणि हॉर्न दाबून धरला. निघताना देतात तसाच, लांब. धुक्यात तो चांगला घुमला. खाली उतरलो तेव्हा कंडक्टर आणि टपरीवाला दोघं हसत होते. मीही हसलो. घड्याळात पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

मग मी पायवाटेकडे तोंड करून उभा राहिलो. तो धापा टाकत येईल, मी म्हणेन, या महाराज. वाक्य तयार होतं. सव्वापाच झाले. तो आला नाही. मला वाटलं, डाव ओळखला, आता मुद्दाम रेंगाळतोय. डोकं तापलं. पाच वीसला ड्रायव्हरनं खरा हॉर्न दिला आणि विचारलं, थांबू का? मी म्हटलं, चला. येईल पात्रातून खाली, चांगली शिक्षा आहे. त्या वेळी मला एवढंही सुचलं नाही, की तो माझ्याच हॉर्नला फसून आधीच पात्रात उतरला असेल. इतका शहाणा मी.

खालच्या वळणावर कुणी नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं एकदमच उतरलो. पात्रातून वर चढताना मी हाका मारत होतो. नेहमीच्या, गोगलगाय म्हणून. त्याचं नाव तोंडात आलंच नाही.

अर्ध्यावर, जिथे दगडाची मोठी पायरी आहे, तिथे तो खाली पडला होता. एक पाय अंगाखाली, डोकं दगडाला टेकलेलं. कानातून रक्त येत होतं. मी जवळ बसलो तेव्हा त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं.

"दाजी, घड्याळ परत मागे पडलं हो," तो म्हणाला. "हॉर्न झाला तेव्हा यात आत्ता कुठे पाच वाजले होते. मला वाटलं, वेळ आहे. तुम्हाला थांबायला लागलं. सॉरी."

 गप बस, बोलू नकोस, एवढंच म्हणालो.

बसमधली दोन माणसं आली, सीटची गादी काढून आणली, तिच्यावरून त्याला खाली नेलं. ड्रायव्हरनं एकाही थांब्यावर न थांबता बस तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पळवली. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना यायच्या आधीच तो गेला. नेमका कधी, ते मला कळलं नाही, आणि घड्याळाकडे बघायचं धाडस झालं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ड्रायव्हरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, प्रवाशाला माझ्या सीटवर बसू दिलं हे वर कळलं तर माझी नोकरी जाईल, घरी तीन पोरी आहेत. मी म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही. त्याला वाटलं, मी त्याच्यावर उपकार केले. त्यानं माझे हात धरले. खरं तर दगडाखाली हात माझा होता.

घरी मी सांगितलं ते असं: हॉर्न वाजला, आपलं घड्याळ मागे पडलंय असं त्याला वाटलं, तो घाबरून पात्रातून पळाला, आणि शेवटी मलाच सॉरी म्हणाला. शब्द न् शब्द खरा. भेटायला येणाऱ्यांना बायकोही हेच सांगायची, घड्याळानं घात केला. कुणीतरी विचारलं, तुमच्या यांनीच दुरुस्त केलं होतं ना? मीच पुढे होऊन म्हटलं, हो, माझीच चूक, तेल कमी पडलं असेल. लोक म्हणाले, बिचारा, स्वतःला दोष देतोय. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं बोट दाखवलं नव्हतं, आणि मी माझ्या हातानं माझ्या कामाला खोटं पाडत होतो, कारण तेच सोपं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी बायको दुकानात आली. ती कधी दुकानात येत नाही. एका बाईचं भिंतीवरचं घड्याळ माझ्यापुढे उघडं पडलं होतं. बायकोनं पिशवीतून भावाचं घड्याळ काढलं आणि त्याच्याशेजारी ठेवलं.

"अकरा दिवस रोज सकाळी चावी देतेय," ती म्हणाली. "रेडिओशी लावून बघतेय. एक मिनिटसुद्धा मागे पडलं नाही."

मी घड्याळ उचललं, डोळ्याला भिंग लावलं. बघण्यासारखं काही नव्हतं. भिंग लावलं की समोरच्याकडे बघावं लागत नाही.

"तुम्ही बिघडलेलं घड्याळ त्याला देणार नाही," ती म्हणाली. "सगळ्या जगाला द्याल एक वेळ, पण माझ्या बाबांचं घड्याळ नाही. मग तो पळाला का?"

मी भिंग काढलं आणि सांगितलं. हॉर्न मी वाजवला. गंमत म्हणून. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, पाच वाजून चार. तिनं बोटांवर हिशेब केल्यासारखं केलं.

"म्हणजे सोळा मिनिटं होती त्याच्याजवळ," ती म्हणाली. "आणि माफी त्यानं मागितली."

घड्याळ उचलून तिनं पिशवीत टाकलं आणि ती निघून गेली. मला वाटलं, आता घरी गेल्यावर तिची बॅग भरलेली दिसेल. तसं काही नव्हतं. स्वयंपाक झालेला होता, माझं ताट वाढलेलं होतं. आज तीन वर्षं झाली. ड्रायव्हरला ती काही बोलली नाही, माहेरी काही बोलली नाही. तिकडे अजूनही सगळे म्हणतात, घड्याळानं घात केला. ती फक्त रोज सकाळी मी चहाला बसलो की समोर बसते, भावाच्या घड्याळाला चावी देते, रेडिओवर वेळ सांगतात तेव्हा काट्याकडे बघते आणि ते टेबलावर माझ्या कपाशेजारी ठेवते. ते अजून बरोबर वेळ दाखवतं. दर सहा महिन्यांनी मीच ते उघडून साफ करतो.