पाटीवरचं नाव

सौदीतल्या बुरैदा शहरात, बायकांच्या बाजारात हैला कित्येक वर्षं क्लैजा विकत होती. क्लैजा म्हणजे खजुराचा पाक आणि वेलची भरलेली जाड बिस्किटं. आधी तिच्याकडे नुसती चटई होती, मग एक लाकडी खोका आला. आता बायकांना स्वतःच्या नावावर परवाना मिळू लागल्यावर चांगला शटरचा गाळा झाला. गाळ्याला पाटी लावायची ठरली आणि तिथंच माशी शिंकली.

"पाटीवर 'हैला' लिहायचं. बाकी काही नको," ती मुलाला म्हणाली.

नायेफच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. "यम्मा, अगं सगळा बाजार तुला उम्म नायेफ म्हणतो. तेच लिहू की. लोक ते नाव ओळखतात."

"नायेफची आई. ते नाव तुझं झालं. त्यात माझं काय आहे?"

"हे असले हट्ट करायचं वय आहे का तुझं?"

नायेफ काही जुन्या वळणाचा नव्हता, हीच तर गंमत. जत्रा-उत्सव भरवणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. बायकोला गाडी त्यानंच शिकवली. सिनेमा सुरू झाल्याचं कळलं तेव्हा रियाधला पळत गेला होता. परदेशी पाहुणा दिसला की 'आमच्याकडे सगळं बदललंय' हे त्याचं पालुपद सुरू. पण आईचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हटलं की गडी शाळकरी पोर व्हायचा. घरातल्या बाईचं नाव बाहेर कळणं म्हणजे तिकडे अब्रू जाणं, आणि शाळेत कुणीतरी ते नाव हुडकून काढलं होतं. 'ए हैलाच्या, ए हैलाच्या' करत पोरं मागे लागली आणि हा ओठ फोडून घरी आला. हैलानं ओठाला मीठ-पाणी लावलं आणि तेव्हापासून आपलं नाव आपणच गिळलं.

"हैला म्हणजे वेलची," ती आता समजूत घालत म्हणाली. "लोकांना वाटेल मसाल्याचं नाव आहे."

"लोकांना वाटेल. माझ्या दोस्तांना नाही वाटणार."

तिला राग आला नाही, नुसता कंटाळा आला. माणसांचा तिला हल्ली फार कंटाळा यायचा. पूर्वी दाढीवाले धर्मपोलीस हातात छडी घेऊन यायचे आणि 'बाई, पुडी देताना मनगट दिसतंय' म्हणून दटावायचे. आता गुळगुळीत दाढीचे येतात आणि 'मावशी, फोटोसाठी जरा हात वर करा' म्हणतात. दोन्ही जातींच्या माणसांनी तिच्याकडून कधी पावभर क्लैजा विकत घेतला नाही.

तिच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा 'सुलेमानची कन्या' एवढंच छापलं होतं. नवरा 'ऐकलंस का' म्हणायचा, आणि तोही आता नव्हता. नावानं हाक मारणारी एकच होती, तिची मोठी बहीण लूलुवा. ती दारातूनच 'हैलाऽऽ' करून ओरडायची, आणि हैला कणकेच्या हातानं 'ओ' द्यायची. गेल्या हिवाळ्यात लूलुवा गेली. दवाखान्यातलं यंत्रही नंबर पुकारतं. नावाला ओ द्यायची तिची सवयच मोडत चालली होती, आणि एक दिवस कुणी हाक मारली तर आपल्याला ती कळणारही नाही, अशी भीती तिला वाटू लागली होती.

पाटी अशी अडकून पडलेली असताना नायेफनंच एका परदेशी वाहिनीची मंडळी दुकानावर आणली. दुकानाची जाहिरात होईल असा त्याचा हिशेब. एक गोरी बाई होती, तिचा अंगभर काळा अबाया तिला दोन मापं मोठा. सोबत रीम नावाची लेबननची दुभाषी.

"त्या विचारतायत, तुम्हाला भीती वाटत नाही का?" रीम म्हणाली.

"कसली? भट्टीची?"

"नाही हो. दुकान चालवायची. बोलायची."

"गुडघे दुखतात म्हणावं. भीतीबिती काही नाही."

गोऱ्या बाईनं मान अशी हलवली, जणू हैला फार मोठं काहीतरी लपवते आहे. मग तिनं नाव विचारलं. नायेफ चटकन पुढे झाला. "उम्म नायेफ."

"हैला," हैला म्हणाली. "हैला, सुलेमानची मुलगी. लिहून घे नीट."

गोऱ्या बाईचे डोळे भरून आले, तिनं हैलाचा हात दाबला. नायेफचं तोंड उतरलं. त्यानंतर तो रोज यायचा, पोती उतरवायचा आणि आईशी अवाक्षर न बोलता जायचा. हैलानंही त्याची मनधरणी केली नाही. नाव एकदाचं कुठंतरी नोंदलं गेलं होतं. पाटीवर नाही तर नाही, जगात कुठल्यातरी पडद्यावर तरी दिसेल.

शेवटी नायेफच यमनी रंगाऱ्याला घेऊन आला. मुकबिल त्याचं नाव. पाटीवर 'उम्म नायेफ' लिहायचं ठरलं होतं आणि हैलानं वाद घालणं सोडलं होतं. मुकबिल रंग ढवळत असताना नायेफचा फोन वाजला. वाहिनीवरची फीत आली होती. समोरचा खजूरवाला, त्याची दोन गिऱ्हाईकं, शेजारच्या बायका, सगळे भोवती जमले.

पडद्यावर दुकान दिसलं, क्लैजाच्या परड्या दिसल्या. हैलाच्या चेहऱ्यावर नेहमीचा नकाब होताच, त्यावरही त्यांनी धुकं फासलं होतं. डोळेसुद्धा दिसत नव्हते.

"काय म्हणतेय रे ती?" हैलानं विचारलं.

नायेफ पडद्याखालच्या ओळी वाचू लागला. "ही फातिमा... हिच्या सुरक्षिततेसाठी नाव बदललेलं आहे..."

"कोण फातिमा?" खजूरवाला म्हणाला.

हैला स्टुलावर बसली. घरच्यांनी अब्रूसाठी झाकलं, बाहेरच्यांनी दया येऊन झाकलं. झाकलंच शेवटी.

नायेफनं रीमला फोन लावला होता. "अहो, नाव का बदललं? तिनं स्वतः सांगितलं होतं ना?"

फोनमधून रीमचा आवाज आला, "तुमच्याकडची परिस्थिती लक्षात घेऊन हो. त्यांना काही त्रास नको. आणि फातिमा चांगलंच नाव आहे की!"

"कसला त्रास? कोण देणार त्रास? मी?" नायेफचा आवाज चढला. "फातिमा कोण लागून गेली? माझ्या आईचं नाव हैला आहे! हैला! कळलं का? हैला!"

खजूरवाल्यानं नजर खाली वळवली. नायेफनं फोन खिशात घातला आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. कान लालबुंद झाले.

मुकबिलनं घसा खाकरला. "मग साहेब, काय लिहू?"

"आता राहिलंय काय?" नायेफ पाठ फिरवून म्हणाला. "लिही. ऐकलंस ते लिही."

ब्रश पाटीवर टेकला. हैला बघत होती, पण अक्षरं नीट दिसत नव्हती तिला.

"नायेफ."

"आता काय, यम्मा?"

"परत एकदा म्हण. ओरडू नकोस. हळू."

तो शटरकडेच तोंड करून उभा राहिला. मग पुटपुटल्यासारखा म्हणाला, "हैला."

"ओ," ती म्हणाली.