डोक्यावर उभा चंद्र

हदाबने कॉफीचा कप उचललाच नाही.

उचलला असता तर ही गोष्ट झाली नसती आणि माझं लग्न चार लोकांसारखं लागलं असतं. मी नवरदेव होतो. माझे दोन्ही हात मेंदीने लिंपून फडक्यात गुंडाळलेले, कपाळाला सोन्याचा चंद्र बांधलेला आणि नाकावर एक माशी. ती मला हाकलता येत नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ‘तू तिथे असून काही केलं नाहीस का’ असं कुणी विचारायला नको.

सुदानमधल्या आमच्या कसला गावात पाहुण्याने कॉफीचा कप चटईवर तसाच ठेवला, म्हणजे त्याचं काहीतरी मागणं असतं. मागणं मान्य होईपर्यंत तो पीत नाही. तो पीत नाही तोवर बाकीच्यांनीही प्यायची नसते. त्यामुळे सगळा मांडव आल्याची गरम कॉफी ओठांपाशी धरून हदाबकडे बघत बसला होता.

ओशेकमामाने विचारलं, आलं जास्त झालं का?

“आलं बरोबर आहे,” हदाब म्हणाला.

“मग?”

“तलवार बघायचीय.”

मामाने मांडवाच्या खांबाकडे हात केला. तलवार तिथेच टांगलेली होती, फाटक्या लाल म्यानात. थोड्या वेळाने ती खांद्यावर घेऊन मी नवरीच्या दारात जायचं होतं. नवरी म्हणजे मामाचीच मुलगी, मदीना. तलवारीशिवाय नवरदेव आमच्याकडे दारात उभा करत नाहीत.

“ते म्यान झालं,” हदाब म्हणाला. “मला आतली बघायचीय.”

मांडवात कुणीतरी खोकलं.

आता मामाबद्दल सांगायला हवं. ओशेकमामा तलवारींच्या गल्लीत म्यानं शिवतो. त्याच्या एका बाजूला लोहार, दुसऱ्या बाजूला लोहार, समोर लोहार. दिवसभर ठणठणाट. त्यामुळे तो घरीही ओरडूनच बोलतो आणि मामी ऐकूच येत नसल्यासारखी वागते. म्यान शिवायचं तर पातं हातात येतंच. अशी पाती बघून बघून मामाला एक व्यसन लागलं. कुठलंही पातं दिसलं की तो आधी मुठीजवळचे ठसे बघतो. सिंह, माशी, चेंडूवर क्रॉस, धावता लांडगा. आमच्या लोहारांच्या हातून उमटेपर्यंत या लांडग्याची बकरी झालेली असते. आणि सगळ्यात मानाचे, दोन अर्धे चंद्र.

हे चंद्र म्हणजे नुसत्या कोरी नव्हेत. त्यांना नाक, डोळा, ओठ असतात आणि ते एकमेकांकडे पाठ करून बसतात, भांडलेल्या जावांसारखे. जुनं फिरंगी पातं असेल तर दोघेही सरळ बसलेले असतात, कारण तिकडच्या लोहाराकडे डावा चंद्र आणि उजवा चंद्र असे दोन ठसे असायचे. आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे एकच ठसा. एक चंद्र मारून झाला की दुसऱ्याचं तोंड पलीकडे वळवायला ठसाच उलटा धरायचा. तोंड वळतं, पण चंद्र डोक्यावर उभा राहतो.

मामाला एवढं पुरायचं. खार्तुमहून एक दातांचे डॉक्टर यायचे. त्यांना जुन्या तलवारी जमवायचा नाद होता. आणलेली प्रत्येक तलवार ते मामाच्या पुढ्यात ठेवून, आपल्याच दाताची पाळी आल्यासारखे बसून राहायचे. मामा पातं उन्हात तिरपं धरायचा, चष्म्याची दोरी सारखी करायचा आणि निकाल द्यायचा. निकाल ठरलेला असे. अस्सल असेल तर, “पातं फिरंगी. लोखंड जुनं. मालक सज्जन.” नसेल तर, “पातं इथलं. लोखंड ट्रकचं. मालक सज्जन.” ट्रकचं म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं, आमचे लोहार त्याचीच पाती करतात. शेवटचे दोन शब्द मामा समोरच्याचं मन राखायला म्हणायचा. समोरच्याला नेमके तेच लागायचे.

हदाबला ते मुलाच्या लग्नात लागले. हदाबचा व्याही पोर्ट सुदानचा, मोठा माणूस. हदाबने आजोबाची तलवार म्हणून एक पातं पोराच्या खांद्यावर उघडंच दिलं होतं. मामा जेवायला गेला होता. त्याने जेवून यायचं होतं. पण समोरून चंद्र डोक्यावर उभा राहून चाललेला दिसला आणि मामा भर मांडवात, गल्लीतल्या आवाजात, सगळा निकाल बोलला. मालक सज्जनपर्यंत.

त्यात हदाबचा धंदा ट्रकचा. त्यानंतर तो बाजारातून निघाला की पोरं विचारायची, काका, तलवारीला हॉर्न आहे का? ब्रेक लागतो का? तेव्हापासून हदाब मामाशी बोलत नव्हता. रस्त्यात मामा दिसला तर तो उंटाशी बोलायचा. उंट नसला तर ट्रकशी.

तोच हदाब आज माझ्या लग्नाला आला होता, आणि पीत नव्हता.

अडचण अशी होती की मामाने स्वतःची तलवार कधीच उपसली नव्हती. ती पणजोबांची. पणजोबांनी ती इंग्रजांवर चालवली होती आणि तिच्यावर दोन सरळ चंद्र आहेत हे आम्हाला पाळण्यापासून माहीत होतं. पण आजोबांनी जाताना मामाला बजावलं होतं, कारण असल्याशिवाय उपसायची नाही. मामाला कारण मिळालं नाही. गल्लीभर नवी म्यानं शिवणाऱ्या माणसाने घरचं फाटकं म्यान तसंच ठेवलं, कारण ते शिवायला पातं बाहेर काढावं लागलं असतं. डॉक्टरांनी एकदा फार आग्रह केला, तेव्हा मामा म्हणाला होता, “डॉक्टर, तुम्ही बापाला आ कर म्हणाला होतात का?” डॉक्टर म्हणाले, हो, दोनदा. मग तो विषय तिथेच राहिला.

मामाकडे उंट नाहीत, जमीन नाही. होती ती ही तलवार आणि गल्लीत चालणारा त्याचा शब्द. आता दोन्ही एकाच म्यानात होते.

मामा उठला. खांबावरची तलवार काढून मांडीवर घेतली आणि मूठ ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. म्यान आणि पातं यांचा इतक्या वर्षांचा संसार, ती काय अशी सुटणार. कुणी तूप आणलं, कुणी तिळाचं तेल. माझ्या आत्याचा नवरा म्हणाला, रॉकेल चांगलं. तिन्ही ओतून झालं. मग म्यान धरायला माणूस हवा होता आणि मांडवातला सगळ्यात दणकट माणूस हदाब होता.

तर माझ्या लग्नात मी असं पाहिलं: एका टोकाला माझा मामा मूठ धरून, दुसऱ्या टोकाला त्याचा वैरी म्यान धरून, दोघांच्याही टाचा वाळूत रुतलेल्या, आणि तुपाचा वास. दोघं एकमेकांना सूचना देत होते. बोलणं बंद असल्यामुळे त्या माझ्यामार्फत येत होत्या. “तुझ्या मामाला सांग, पिळू नको म्हणावं.” “त्यांना सांग, म्यान मी शिवतो, मला शिकवू नका म्हणावं.” मी सांगत होतो.

मग एकदम ती सुटली. हदाब म्यानासकट बाजेवर पडला, बाज मोडली. मामा वाळूत बसला. तलवार त्याच्या हातात होती.

मामाने अंगावरच्या कापडाच्या टोकाने पातं पुसलं, चष्म्याची दोरी सारखी केली आणि पातं उन्हात तिरपं धरलं. मी समोरच होतो. मला पहिला चंद्र दिसला. नाक, डोळा, ओठ, सगळं जागच्या जागी. मामाने अंगठा सरकवून दुसरा चंद्र पुसला. मग तो परत पुसला. मग तिसऱ्यांदा जरा जोरात पुसला, जणू पुसून तो सरळ होणार होता.

मामा काहीच बोलला नाही. त्याला न बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

हदाब मोडक्या बाजेतून उठला आणि मामाच्या हातातून तलवार घेतली. सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागला. इतकी वर्षं त्याने जे ऐकून घेतलं होतं ते परत करायची वेळ आली होती आणि करायला माणूसही समोर बसला होता. त्याने पातं पाहिलं. मग मामाचं तोंड पाहिलं. ते त्याने जरा जास्त वेळ पाहिलं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “तुझ्या मामाला सांग, पातं फिरंगी आहे. लोखंड जुनं.”

मला वाटलं, सुटलो. माशीसुद्धा उडाली.

पण वाळूत बसलेला मामा म्हणाला, “चष्मा लाव.”

“मला चष्मा लागत नाही,” हदाब म्हणाला. आता ते थेट बोलत होते, पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“मग दुसऱ्या चंद्राचं नाक कुठे आहे ते सांग.”

“नाकाच्या जागी.”

“आणि कपाळ?”

“कपाळ जरा खाली आहे.”

“हनुवटीच्याही खाली?”

“झोपला असेल,” हदाब म्हणाला. “रात्रभर जागा असतो. दिवसा आडवा होणारच.”

“तो आडवा नाही. डोक्यावर उभा आहे.”

“ओशेक, तुझ्या पोरीचं लग्न आहे. मी जुनी म्हणतोय ना.”

“तू म्हणून काय होतं? तुला सिंह आणि मांजर कळत नाही.”

“आज मला मांजरसुद्धा सिंह दिसतंय. तू गप बस.”

पण मामा गप बसेना. चुकीचा निकाल त्याच्याच्याने ऐकवेना, मग तो त्याच्या बाजूचा का असेना. हदाब त्याची अब्रू राखायला धडपडत होता आणि मामा ती राखू देत नव्हता. मांडवातल्या लोकांना कुणाची बाजू घ्यावी कळेना. काहींनी सवयीने मामाची घेतली, म्हणजे मामाविरुद्ध.

मग मामा एकदम शांत झाला. हदाबच्या हातातली तलवार परत घेऊन त्याने पात्यावर बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि मला विचारलं, “तुझ्या पणजोबांच्या वेळी ट्रक होते का रे?”

कुणीतरी म्हणालं, नव्हते.

“मग ही पणजोबांची कशी?” तो थोडा थांबला. “त्या मोठ्या दुष्काळात सगळ्यांचे उंट मेले. आमचेही मेले. सगळ्यांच्या घरच्या चुली विझल्या. आमच्या घरी रोज ज्वारीच्या पिठाची असिदा शिजत होती. मी पोट भरून खायचो आणि बापाला विचारायचो, ज्वारी कुठून आणली? तो म्हणायचा, देवाने दिली.” मामाने म्यानाकडे पाहिलं. “म्हणजे ती तलवार मी खाल्ली.”

मी मनात हिशेब केला. म्हणजे ती माझ्या आईनेही खाल्ली. आईचं बोलणं ज्यांनी ऐकलंय त्यांना याचं नवल वाटणार नाही.

कारण नसताना उपसू नको, हे आजोबा का सांगून गेले ते आता सगळ्यांना कळलं होतं. खरी तलवार कुठे गेली कोण जाणे. डॉक्टरांच्या भिंतीवरही असेल. मामानेच ती कधीतरी उन्हात धरून दुसऱ्या कुणाला सज्जन म्हटलं असेल.

मामा उभा राहिला. अंगावरची वाळू झटकली. हदाबच्या मांडवात उभा राहिला होता तसाच, तेवढ्याच आवाजात, बायकांच्या मांडवापर्यंत ऐकू जाईल असं तो म्हणाला, “पातं इथलं. लोखंड ट्रकचं.”

आणि अडला. पुढचे दोन शब्द स्वतःबद्दल म्हणायचे होते. ते त्याला म्हणता येईनात. तो तोंड उघडून तसाच उभा राहिला. लोक वाट बघत राहिले, कारण निकाल अर्धा राहिला की तो निकाल नसतो.

हदाब खाली बसला. चटईवरचा कप त्याने उचलला. कॉफी केव्हाच गार झाली होती, तिच्यावर तूप आणि थोडी वाळूही पडली असावी.

“मालक सज्जन,” तो म्हणाला, आणि एका घोटात प्यायला.

मग सगळा मांडव गार कॉफी प्यायला.

तलवार पुन्हा म्यानात जाईना. मोकळ्या हवेची चव लागली होती तिला. शेवटी मी तशीच उघडी खांद्यावर घेतली, मेंदीच्या गुंडाळलेल्या हातांनी कशीबशी धरून, आणि वरात निघाली. हदाबने आपला ट्रक पुढे घातला होता आणि तो हॉर्न वाजवत होता. ते सलोख्याने होतं की आठवणीने, हे मी अजून विचारलेलं नाही.

मामा माझ्या उजव्या बाजूला चालत होता, पात्याच्या अगदी जवळ. मी म्हटलं, मामा, कान कापेल, जरा लांबून चाल. त्याने ऐकलं नाही. मदीनाच्या दारापर्यंत तो तसाच आला, मान पार खांद्यावर वाकडी करून, त्या उलट्या चंद्राचा चेहरा सुलटा दिसेल अशी.