त्रिएस्तेला गेलेली घरगाडी

मित्रांनो, कुवेतमधल्या शुवैखच्या गॅरेजमागे वाळूत रुतलेली, टायर नसलेली जी लांबट गाडी दिसते ना, ती मी. मी एक जुनी घरगाडी आहे. पोटात बिछाने, चूल, घडीचे टेबल आणि पत्र्याची कपाटे घेऊनच मी जन्मले. जन्म माझा विलायतेतला. तेलकंपनीतल्या एका साहेबाने मला बोटीतून अहमदीला आणले आणि मायदेशी परतताना, इथे गॅरेज चालवणाऱ्या मूळच्या श्रीवर्धनच्या यूसुफ मिस्त्रींना विकून टाकले. मिस्त्री मला भाड्याने देत, पण धुऊनपुसून चकचकीत ठेवत. पोरे माझ्या काचांना नाक लावून आत डोकावत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

१९६४ च्या उन्हाळ्यात जहऱ्याचे किराणा दुकानदार इद्रीस यांनी मला युरोपच्या सफरीसाठी ठरवले. सोबत त्यांची बायको शहरबानू आणि तिचा थोरला भाऊ जाफर. सगळे मूळचे हर्णैकडचे. चाक धरणार होता जाफर, कारण तो बसऱ्याच्या रस्त्यावर लॉरी चालवी. इद्रीसना तर चष्म्याशिवाय समोरचा उंटही दिसत नसे.

मला दुकानासमोर उभे केले. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर तिघे माझ्या टेबलाभोवती बसले आणि जाफरने नकाशा उलगडला. बगदाद, तुर्कस्तान, बल्गेरिया, बेलग्रेड, मग व्हिएन्ना आणि म्युनिक. तांबड्या पेन्सिलीने तो रेघ ओढत होता. बेलग्रेडला शहरबानूने त्याचा हात धरला.

"इथून डावीकडे वळायचं, भाई. इटलीतल्या त्रिएस्तेला."

"तिथं काय आहे?"

"अब्बा आहेत."

मित्रांनो, या भाऊबहिणीचे वडील कमाल हे आगबोटीवरचे खलाशी. मुले लहान असताना गेले, ते नऊ वर्षे परतलेच नाहीत. कुठल्याशा बंदरात एका बोटीवरून उतरत, दुसरीवर चढत. शेवटी बरोबरच्या एका खलाशाने वर्दी आणली, की कमाल त्रिएस्तेला तापाने गेले आणि तिथेच दफन झाले. शहरबानूला वडील आठवत ते तिला खांद्यावर घेऊन धक्क्यावर हिंडवणारे. जाफरला आठवत होती लोकांच्या घरी भात कांडून हात सोलवटलेली आई.

"त्या माणसासाठी मी चाकाचा एक फेरासुद्धा वाया घालवणार नाही," जाफर म्हणाला.

"दोन दिवसांचा तर फरक आहे, जाफरभाई," इद्रीस म्हणाले.

"तू गप रे! तुझा बाप रोज घरी जेवायला होता!"

"आणि तू?" शहरबानू उसळली. "आई गेली तेव्हा तू तरी कुठे होतास? इथेच लॉरी हाकत होतास ना? अब्बांचाच मुलगा तू!"

जाफरने पेन्सिल मोडली. जाताना माझे दार असे आपटले, की वरची बिजागरी वाकली. शहरबानूने त्याची वळकटी उचलून त्याच्यामागे वाळूत फेकली.

असे आठवडाभर चालले. तो येई, नवी रेघ ओढी. ती पुसून टाकी. बिचारे इद्रीस दोघांच्या मध्ये चहाचे पेले ठेवत आणि दोघे ते तसेच थंड होऊ देत. माणसे सफरीची तयारी करताना हसतात असे मी समजत होते. इथे तर भाऊबहिणीला एकमेकांचा श्वास सहन होत नव्हता.

शेवटी एका सकाळी शहरबानू एकटीच येऊन चालकाच्या जागी बसली. तिने आयुष्यात कधी चाक धरले नव्हते. किल्ली फिरवली, कुठलासा दांडा ओढला, आणि मी किंचाळत पुढे झेपावले. दुकानाची भिंत समोर आली. माझे नाक चेपले, एक दिवा फुटला. तिच्या कपाळातून रक्त वाहू लागले. बाजारातली माणसे धावली. कुणी हसलेसुद्धा. जाफर गर्दी सारत आला.

"मेल्या बापापायी मरतेस काय!"

"तू नेणार नाहीस, तर मी जाईन. भिंती फोडत जाईन."

त्याने तिला खाली ओढले, आपल्या रुमालाने कपाळ करकचून बांधले आणि म्हणाला, "चल. नेतो तुला. पण एक ऐकून ठेव. मी त्या कबरीवर थुंकायला येतोय."

आम्ही निघालो. इराकचा धुरळा, तुर्कस्तानचे डोंगर, युगोस्लाव्हियाची गर्द झाडी, सारे मी एका दिव्याने पाहिले. आत मात्र ती दोघे एकमेकांशी अक्षर बोलली नाहीत. ती चहा करून त्याचा पेला पायरीवर ठेवी. तो पिऊन पेला तिथेच पालथा घाली.

त्रिएस्तेच्या कबरस्तानाबाहेर जाफर चाक धरून बसून राहिला. रखवालदाराने जुन्या वहीत नाव शोधले आणि इद्रीस व शहरबानू त्याच्याबरोबर आत गेले. बऱ्याच वेळाने ती परतली.

"दगड नाही. नाव नाही. नुसतं गवत माजलंय," ती म्हणाली. "थुंकायचं तर लवकर ये. कुठे थुंकायचं ते दाखवते."

जाफर उतरला. भिंत बुटकी होती, मला दिसत होते. तो कबरीपुढे उभा राहिला. थुंकला नाही, मृतासाठी फातिहा म्हणायलाही हात उचलले नाहीत. मग खाली बसून दोन्ही हातांनी गवत उपटू लागला, जणू कुणाचे केस धरून ओढतो आहे. आणि ओरडू लागला, "नऊ वर्षं! नऊ वर्षं तिनं लोकांचं भात कांडलं! एकदा तरी तोंड दाखवायचं होतंस!" शहरबानू जागची हलली नाही. तिने त्याला अडवले नाही.

कबर मोकळी झाली, तेव्हा तो परत आला. माझ्या कपाटाचे पत्र्याचे दार त्याने उचकटले. मला दुखले, पण मी कुरकुरले नाही. खिळ्याने त्याने त्यावर कोरले: कमाल, हर्णै.

"अब्बा लिही," शहरबानू म्हणाली.

जाफरने खिळा तिच्यापुढे धरला. "ते तू लिही."

तिने लिहिले. त्याने तो पत्रा उशाशी रोवला आणि दगड लावून पक्का केला.

म्हणून काही ती दोघे गळ्यात पडली नाहीत, मित्रांनो. परतीच्या वाटेवरही अबोलाच होता. जहऱ्याला पोहोचताच जाफर वळकटी उचलून बसऱ्याकडे गेला आणि नंतर कधी इद्रीसच्या दुकानी आला नाही, असे मिस्त्री सांगत. माझी दशा पाहून मिस्त्री इद्रीसवर खूप ओरडले. पुढे कुणी मला भाड्याने नेईना. एकेक करून माझे भाग दुसऱ्या गाड्यांना गेले. आता माझ्या सावलीला शेळ्या बसतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दूर देशी जायचे बेत कराल. माझ्यासारख्या गाडीचे तेलपाणी बघा, तिला उन्हात टाकू नका, हे तर आहेच. पण घरातले कुणी रागावलेले असेल, तर त्याला मागे ठेवून जाऊ नका. त्याला भांडू द्या, दार आपटू द्या, मनात असेल ते ओरडू द्या. एक जागा मात्र त्याच्यासाठी ठेवा. जाफरने ती जागा भरली नसती, तर मी त्रिएस्तेला पोहोचलेच नसते.