फक्त पुढची बाजू

माझा धाकटा भाऊ फोटोग्राफर आहे आणि बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. मी शिवणकाम करते, मला बोलायला वेळ नसतो. त्यामुळे डोकं त्याचं आणि हात माझे, अशी आमची वाटणी लहानपणीच ठरून गेली आहे.

या वेळचं काम मोठं होतं. एका फॅशनच्या मासिकाला मुखपृष्ठासाठी पोर्ट्रेट हवं होतं आणि अट एकच, अंगावर नवा विकत घेतलेला धागासुद्धा नको. मुखपृष्ठ मिळालं तर घराच्या पुढच्या खोलीतला त्याचा स्टुडिओ चालू राहणार. नाही मिळालं तर त्याला कुलूप लावून हा सासऱ्यांच्या टाइल्सच्या दुकानात बसणार, असा शब्द त्याने बायकोला दिला होता. टाइल्सचं नुसतं नाव काढलं तरी त्याचा चेहरा पडायचा. मला दया आली, म्हणून मी हो म्हटलं.

जुने पडदे, मोडक्या छत्र्यांचं कापड आणि बाबांचे टाय घेऊन मी बसले. कापड काही पुरेना.

"ताई, पाठ शिवूच नकोस," भाऊ म्हणाला. "फोटोत पाठ दिसते का कधी? न दिसणाऱ्या गोष्टीवर कापड घालवायचं म्हणजे उधळपट्टीच की!"

"आणि अंगावर राहणार कसं?"

"चिमट्यांनी. मोठमोठ्या मॉडेल्सनाही सैल कपडा मागून चिमटे लावूनच बसवतात."

ते खरं होतं, पण त्यांच्या कपड्याला निदान पाठ असते. माझं कोण ऐकतो? आयुष्यात पहिल्यांदाच मी बिनपाठीचा झगा शिवला. पुढून मात्र असा देखणा झाला, की मीच माझ्यावर खूश.

फोटोच्या दिवशी मॉडेल तापाने पडली. भावाने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ आईलाच स्टुलावर बसवलं. घरातल्या गाऊनवरच झगा चढवला, दोरीवरचे चिमटे काढून आणले आणि मागून लावले. केस विंचरून पावडर लावल्यावर आई समोरून अगदी महाराणी दिसायला लागली.

तेवढ्यात न कळवता संपादिकाबाई येऊन थडकल्या. भावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने त्यांना स्टुलासमोरच्याच खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला आणि उठू म्हणून दिलं नाही.

"सुंदर! कापड कुठेही वाया गेलेलं नाही," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यात काही खोटं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि आई उठली.

"बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवलाय?" असं म्हणत ती आम्हा सगळ्यांना पाठ दाखवून तरातरा निघाली.

विटून मूळचा रंगही कळेनासा झालेला गाऊन आणि त्याच्या दोन्ही कडांना निळे-पिवळे चिमटे. एका चिमट्याला मोजा तसाच लटकत होता. माझ्या डोळ्यांपुढे टाइल्स नाचायला लागल्या.

"थांबा!" बाई ओरडल्या. "आहात तशाच थांबा! हेच मुखपृष्ठ!"

आता भावाने कॅमेरा उचलावा की नाही? हा अडून बसला. "चेहरा नसेल तर फोटो नाही. गावभराचे चेहरे काढले मी, आईचा आज पहिल्यांदा काढतोय." मला त्याचा अभिमानही वाटला आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

"चेहरा काय, घरीच आहे," आई मागे न वळता म्हणाली. "तो नंतर काढ. आधी हे उरक. दोरीवरचे कपडे खाली पडले असतील. आणि दिवा अजून चालूच आहे."

अंक निघाला. स्टुडिओ वाचला, भाऊ हवेत. मी मात्र फुगून बसले होते. डोळे फोडून शिवलेला माझा झगा मुखपृष्ठावर कुठेच नव्हता. खाली 'पोशाख' म्हणून नाव मात्र माझं. गिऱ्हाइकं येऊन त्या पाठीचं कौतुक करून जात होती.

"नाव चुकीचं छापलंय," मी आईजवळ धुसफुसले. "मी घातलेला एक टाकाही यात दिसत नाही."

आईने चष्मा लावला आणि मुखपृष्ठावर बोट ठेवलं. मानेखाली एक शिवण वाकडीतिकडी होत खांद्याकडे गेली होती.

"नाव बरोबर आहे. नवी मशीन आणली तेव्हा तू पहिल्यांदा शिवलेला गाऊन आहे हा. उजवी बाही डावीकडे लावली होतीस."

मी बघतच राहिले. आई घरात काय घालते, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

"आणि इतकी वर्षं तू हा घालतेस?"

"मग काय करणार?" आई म्हणाली. "फाटतच नाही मेला."